लाल उतरलेलं तूप

मुलुंडला आमच्या मजल्यावर, अगदी समोरच्या दारात, एक काकू घरी कढवलेलं साजूक तूप विकायच्या. बाकीच्यांचे डबे त्या आत नेऊन भरायच्या. आम्ही बौद्ध. आमचा डबा उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवायला लावायच्या आणि वरून पळीने तूप सोडायच्या. थेंब बाहेर पडला तर म्हणायच्या, "डबा नीट धरता येत नाही का गं?" मी डबा धरलेलाच नसायचा.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं, मी बीएस्सीला होते. ताई बाळंतपणाला माहेरी आली. बाळ अंगावर पीत होतं, ती मात्र वाळत चाललेली. डॉक्टरीणबाईंनी जेवणात तूप वाढवायला सांगितलं. आई डबा घेऊन समोर गेली तेव्हा काकू हसल्या. "तुमच्यात साजूक कशाला? सवय नाही, पचायचं नाही पोरीला."

तरी आई डबा भरून घेऊन परत आली. मी दारातून ऐकलं होतं. ही बाई एक दिवस सगळ्यांसमोर खाली बघेल, असं मी तिथेच ठरवलं. कसं, ते माहीत नव्हतं.

त्याच सुमारास कॉलेजात सर लिपिड, म्हणजे स्निग्ध द्रव्यं, शिकवायला लागले. "लिपिड म्हटलं की तुम्हाला फक्त सुटलेलं पोट दिसतं," ते म्हणाले. "अरे, तुमच्या प्रत्येक पेशीभोवतीचा पडदा लिपिडच्या दोन थरांचा आहे. मज्जातंतूंवरचं वेष्टण बहुतेक त्याचंच, म्हणून तान्ह्या बाळाच्या मेंदूला ते लागतं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थांशिवाय अंगी नीट लागत नाहीत. आणि कोलेस्टेरॉलला शिव्या देऊ नका, कितीतरी हार्मोन्स त्याच्यातूनच बनतात. उरलेली चरबी म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवलेलं जळण."

मी लिहून घेत होते आणि आतून पेटत होते. काकूंच्या पेशीभोवती जो पडदा, तोच माझ्या. मग पळी एवढ्या उंचावर का?

पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला भेसळीची परीक्षा आली. स्वस्त वनस्पती तुपात कायद्यानेच थोडं तिळाचं तेल घालतात, भेसळ पकडता यावी म्हणून. वितळलेलं तूप, तेवढंच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर नळीत घालून हलवायचं. खालचा थर लाल झाला की त्यात वनस्पती आहे. मी घरातलं, काकूंकडून आणलेलं तूप नेलं होतं. थर जास्वंदीसारखा लाल झाला. मला रडू यायला हवं होतं, पण मी हसले.

सरांना खरं सांगून मी आम्लाची छोटी बाटली मागून घेतली. शनिवारी संध्याकाळी डबे घेऊन बायका जमल्या, तेव्हा नळ्या घेऊन समोर गेले.

"काकू, कॉलेजात तुपाची परीक्षा शिकवली. तुमचं शुद्धच असणार, दाखवू सगळ्यांना?"

काकू खूश झाल्या. वरच्या मजल्यावरच्या मालवणी आजी गावाहून आलेलं तूप वाटीत घेऊन आल्या. एका नळीत आजींचं तूप, दुसरीत काकूंचं घालून दोन्ही मी एकदमच हलवल्या आणि हात उंच धरले.

"माझ्या तुपाक काय नाय झाला गो!" आजी ओरडल्या. काकूंची नळी लालभडक.

"वाट लागली," मागून कुणीतरी म्हणालं.

"अ‍ॅसिडने काय, काहीही लाल होतं," काकूंचा आवाज चिरकला. "ह्यांच्या हातचं..."

"बोला ना काकू. ह्यांच्या हातचं काय?"

काकू खाली बघत होत्या. मी कल्पना केली होती त्याहून जास्त वेळ त्या तशा उभ्या राहिल्या, आणि तेही मला कमीच वाटलं.

आई चिडली. "शेजार आहे तो. काय मिळालं तुला?" ताई मात्र बाळाला थोपटत म्हणाली, "झकास केलंस." डॉक्टरीणबाईंनी तिला शेंगदाणे, तीळ, दूध खायला सांगितलं आणि महिन्याभरात तिचा चेहरा भरला.

काकूंकडे डबे येणं थांबलं. नळी बघायला माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या बायका त्यानंतरही आमच्याकडे चहा घ्यायला आल्या नाहीत, एक त्या आजी सोडल्या तर. तो हिशेब कुठल्या आम्लाने लाल करायचा, हे मला कुणी शिकवलं नाही.

दोन वर्षांनी काकू जागा विकून डोंबिवलीला गेल्या. टेम्पो भरत होता तेव्हा मी गॅलरीत उभी होते. त्यांनी एकदा वर पाहिलं. मी नजर हटवली नाही, आतही गेले नाही. टेम्पो वळेपर्यंत तिथेच होते.