मास्तरांच्या कानावर भरवसा

पेटी बूथमध्ये मावत नव्हती. बूथ म्हणजे कानाची तपासणी करायची आवाजबंद खोली. आमच्या लातूरच्या क्लिनिकमधली ती कपाटाहून थोडीच मोठी आहे. तरी बळीअण्णा पेटी आडवी, उभी, तिरकी करून बघत होते. बाहेर वेटिंगमध्ये त्यांचं अख्खं भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन बसलेलं. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. माझ्याकडे लोक ऐकू येत नाही म्हणून येतात. हे मात्र ऐकू येतंय म्हणून आले होते.

पेशंट होते गुणवंत मास्तर. चाकूरजवळच्या गावचे रिटायर्ड शिक्षक, मंडळात उभा जन्म पेटी वाजवलेली. ऐकू कमी यायला लागल्यावर पुण्याच्या जावयाने ऑनलाइन मशीन मागवून दिलं, म्हणजे श्रवणयंत्र. ते लावलं आणि मास्तरांना पेटी बेसूर वाटू लागली. ते उदगीरच्या पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, पेटी ठणठणीत आहे. मास्तरांनी मानलं नाही. समोर बसून आतल्या पितळी पट्ट्या खरडायला लावल्या आणि आपल्या कानाला पटेल तसा एकेक सूर करून घेतला.

"आणि तुम्हाला कुणाला कळलं नाही?" मी विचारलं.

"कळलं की," बळीअण्णा म्हणाले. ते मंडळाचे प्रमुख. "पयल्या दिवशी लई वंगाळ वाटलं. पर मास्तरचा कान हाय तो. वरून त्याला कम्प्युटरचं मशीन. आमी मन्लो, आपलेच गळे बिघडले असतील."

"मग?"

"मग काय. सुधारून घेतले."

म्हणजे या मंडळींनी रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात बसून बेसूर गाण्याची रीतसर प्रॅक्टिस केली होती. मी कपाळाला हात लावला. बिंग फुटलं जळकोटकडच्या एका हरिनाम सप्ताहात. यांचं भजन सुरू झालं, समोरचे लोक एकमेकांकडे बघू लागले आणि माईकवाला उठून वायरी तपासू लागला. तेव्हा गावाने ठरवलं की मास्तरांनी पेटी सोडायची, सरपंचाचा पुतण्या कीबोर्ड वाजवेल. मास्तर हे सगळं मान खाली घालून ऐकत होते. घरी ते एकटेच. पेटी गेली तर संध्याकाळी जायला त्यांना दुसरी जागा नव्हती. मला त्यांची फार कीव आली.

पेटी बाहेर ठेवून मास्तरांना तपासलं. ग्राफ वाईट होता. स, श, फ असे बारीक आवाज जवळजवळ गेलेले. पण गोंगाटात बोललेले शब्द ओळखायच्या टेस्टमध्ये ते ग्राफच्या मानाने फारच बरे निघाले. गाण्या-वाजवण्यातल्या माणसांत मी हे अधूनमधून बघते. कान म्हातारा होतोच, पण टाळांच्या गदारोळातून एकच गळा उचलायची मेंदूला सवय झालेली असते आणि बोलणं ऐकतानाही ती कामी येते. किती कामी येते यावर संशोधकांचे वाद आहेत. माझ्याकडे वाद घालायला बळीअण्णा होते.

"कान चांगला हाय तर बिघडलं कुठं?"

बिघाड मशीनच्या सेटिंगमध्ये होता. फ्रीक्वेन्सी लोअरिंग नावाचं फीचर चालू होतं. जे बारीक आवाज कानाला पोचतच नाहीत, ते मशीन खाली ओढून जाड करून देतं. बोलणं समजायला ते बरं. पण पेटीच्या एका सुरात वरचे कितीतरी बारीक सूर मिसळलेले असतात. तेही खाली ओढले की सगळं विस्कटतं. शिवाय गोंगाट दाबायचं फीचरही चालू होतं.

"मशीन भजनाला गोंगाट समजतंय," मी सांगितलं.

"आमच्या घरचे बी त्येच समजतेत," मृदंगवाला म्हणाला.

मी दोन्ही फीचर बंद करून संगीतासाठी वेगळा प्रोग्राम बसवला. मशीनवर बटण असतं, ते दाबून प्रोग्राम बदलतो. मग मंडळाला गायला सांगितलं. शेजारचे डेंटिस्ट मास्क लावूनच धावत आले. मास्तरांनी एक ओळ ऐकली आणि त्यांचा चेहरा पडला.

"म्याडम, हे सगळेच बेसूर गायलेत."

"हो."

"आन हे मीच शिकवलंय."



पेटी उदगीरला जाऊन सुरात आली. गळे काही आले नाहीत. काही आठवड्यांनी मास्तर एकटेच क्लिनिकमध्ये आले. मंडळाला आता बरोबर पेटी बेसूर वाटत होती. बळीअण्णांनी ती परत खरडून आणायचा ठराव मांडला, तो एकमताने पास झाला आणि पेटी तशी खरडून आलीही. सरपंचाच्या पुतण्याचा कीबोर्डही आला होता; तो बेसूर आहे म्हणून मंडळाने परत पाठवला. त्यांच्या सुरात वाजवू शकेल असा माणूस पंचक्रोशीत एकच उरला होता.

"जागा राहिली ना मग तुमची?" मी म्हणाले.

"राहिली. पर नव्या सेटिंगमधी ऐकून वाजवणं होईना. हात थांबतो." मग हळूच म्हणाले, "ते जुनं सेटिंग एखाद्या बटनावर टाकता का?"

"मास्तर, ते चुकीचं आहे."

"हाव. पर मंडळ त्याच्यातच हाय."

मी टाकून दिलं. आता ते दिवसभर नीट ऐकतात आणि संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बटण दाबून आत जातात. कान शिकवाल ते शिकतो, खरं काय ते विचारत बसत नाही, एवढं मी या केसमधून शिकले. नियमाने ही केस फेल म्हणून नोंदवायला हवी होती. मी लिहिलं, पेशंट समाधानी.