यलोस्टोनमधलं सर्वपित्रीचं पान

बाहेर खाणं ठेवू नका, असं यलोस्टोनमध्ये जिथे तिथे लिहिलेलं असतं. मी ते कॅम्पग्राउंडच्या फाटकापाशी वाचलं होतं, आमच्या जागेतल्या लाकडी टेबलावरच्या पाटीवर वाचलं होतं, बाथरूमच्या दारावर तर अस्वलाच्या चित्रासकट वाचलं होतं. आणि तरीही सर्वपित्रीच्या दुपारी त्याच टेबलावर, त्याच पाटीला खेटून, मी सासूबाईंचं पान वाढून ठेवलं. मला वाटलं, नियम अस्वलांसाठी आहे, कावळ्यांचा त्यात काय संबंध? सदुसष्ट वर्षांची होते मी तेव्हा. अक्कल यायला अजून अवकाश होता.

हे आजारी होते. डॉक्टरांनी पुढचा केमो सुचवला, तो ह्यांनी नको म्हटला आणि फ्रीमाँटच्या घरात पडून राहण्याऐवजी आरव्ही, म्हणजे शेगडी-बिछान्यासकट चाकांवरचं घर, भाड्याने घेतली. मुलगी ऑफिस सोडून सांता क्लाराहून धावत आली, बाबांना खूप बोलली. ह्यांनी एवढंच विचारलं, की घरी राहिलो तर बरा होईन का? ती डोळे पुसत आमची ब्लँकेटं गाडीत भरायला लागली.

गाडी चालवणार मी. आयुष्यभर फ्रीवेवर उजवी, सावकाश जाणाऱ्यांची लेन न सोडलेली बाई! वळणावर मागच्या कपाटात कुकर दणादणा आपटायचा आणि मी ब्रेकवर पाय ठेवून अथर्वशीर्ष म्हणायचे. हे शेजारी पोटावर उशी धरून बसलेले. नकाशा बघायचे आणि मधूनच बोलायला लागायचे, "अगं, मी नसताना तू..."

की मी ओरडायचे, "बायसन!"

पहिल्यांदा तिथे खरंच बायसन होता. गव्यासारखा धिप्पाड, रस्त्याच्या मधोमध, काही घेणंदेणं नसल्यासारखा. नंतर नुसते दगड असायचे, झुडपं असायची, एकदा तर निळा तंबू होता. हे मान वळवून निमूट बघायचे आणि म्हणायचे, हो, मोठा आहे. मला वाटायचं, काय हुशार मी, कसा विषय बदलला. त्यांना एकेक वाक्य जमवायला किती ताकद लागत होती, ते त्या हुशार बाईला दिसत नव्हतं. की दिसत होतं आणि म्हणूनच ती इतक्या मोठ्याने ओरडत होती, कोण जाणे.

तर ते पान. सासूबाई गेल्या तेव्हा आमचे व्हिसाचे कागद अडकले होते. ह्यांना जाता आलं नाही. दहाव्याला पिंडाला कावळा लवकर शिवला नाही, असं दिरांनी फोनवर सांगितलं, तेव्हा हे बराच वेळ रिसीव्हर हातात धरून उभे होते. आईची काय इच्छा राहिली असेल, ते कुणी सांगायची गरज नव्हती. तेव्हापासून दर सर्वपित्रीला मी फ्रीमाँटच्या बाल्कनीत पान ठेवायचे आणि दरवर्षी ते खार खायची. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं हे म्हणायचे. पण खार येईपर्यंत काचेच्या दाराआड उभे असायचे.

आरव्हीतल्या दोन बर्नरवर मी वरणभात केला, खीर केली, उडदाचे वडे तळले. धुराचा अलार्म कोकलत राहिला. कागदी प्लेट बाहेर टेबलावर ठेवली, हात जोडले आणि मागे सरते न सरते तोच पाइनच्या झाडावरून एक डोमकावळा उतरला. कोंबडीएवढा. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वडा उचलला आणि गेला.

मी टाळ्या पिटल्या. मागे वळले तर हे ब्लँकेट गुंडाळून आरव्हीच्या पायरीवर उभे. डोळे भरून आलेले, पण हसत होते. "माझ्या आईने तुझा वडा नावं न ठेवता खाल्ला," म्हणाले.

तेवढ्यात पार्कची रेंजर आली. कोवळी पोरगी, आमच्या नातीपेक्षा थोडी मोठी. मी माझ्या इंग्रजीत समजवायला गेले की तो पक्षी म्हणजे माझी सासू. तिने झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग सावकाश, आवाज न चढवता सांगितलं, की माणसाच्या खाण्याची चटक लागली की प्राणी धीट होतात, अंगावर यायला लागतात आणि शेवटी त्यांना मारावं लागतं. ह्यांनी माझ्या वतीने माफी मागितली. उरलेलं पान तिच्यासमोर आत नेलं. ताकीद देऊन ती निघाली, चार पावलं जाऊन थांबली, परत वळून म्हणाली की तुमच्या सासूबाईंबद्दल वाईट वाटतं.

आता हेही नाहीत. त्यानंतरचा वसंत त्यांनी पाहिला नाही. सर्वपित्रीला मी वडे करते आणि घरात बसून खाते. बाल्कनीत काही ठेवत नाही. खार काचेवर नाक लावून बघते माझ्याकडे. मुलगी म्हणते, आई, बाबांचं पान ठेवत का नाहीस? तिला मी त्या दुपारची गोष्ट पुरती कधी सांगितली नाही.

रेंजर गेल्यावर मी रडायलाच लागले. ह्यांना वाटलं, बोलणी खाल्ली म्हणून. मी म्हटलं, तसं नाही हो, पुढे मला तुमचं पान ठेवायलासुद्धा... आणि वाक्य अर्धंच राहिलं. सगळ्या प्रवासात तो विषय पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला होता. मी घाईघाईने झाडांकडे बघायला लागले. हे पायरीवर बसले, थोडे सरकून मला जागा केली, हातातली खिरीची वाटी बाजूला ठेवली आणि माझा हात धरून म्हणाले,

"माझ्या वेळी कावळ्याची वाट बघत उभी राहू नकोस. माझी एकच इच्छा राहिलीय आणि ती तू आत्ता, इथे पुरी करू शकतेस. मी बोलतो, तू ऐक. आणि बायसन म्हणू नकोस."