दुर्बिणीचा नेम

मूल गावच्या शकुबाई मोहुर्लेला फुगे फोडायच्या बंदुकीचं कौतुक कधीच नव्हतं. कौतुक होतं ते बंदुकीच्या धन्याचं.

इसरू, तिचा नवरा, पावसाळाभर धान करायचा. धान घरात आलं की छर्ऱ्याची बंदूक, फुगे लावायची फळी आणि बायको बैलगाडीत घालून जत्रांना निघायचा. आधी तो स्वतः बंदूक खांद्याला लावायचा, लोक म्हणतील तो फुगा फोडायचा, मग बंदूक पुढे करून म्हणायचा, "या भाऊ, आता तुमी पाहा." शकुबाई मागे बसून फुगे फुगवायची. गाल दुखून यायचे, पण नवऱ्याचा छर्रा लागला की तिची मान आपोआप ताठ व्हायची.

छप्पन साली चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात इसरूने बंदुकीवर दुर्बीण बसवली. बल्लारपूरचे एक साहेब बदली होऊन चालले होते. मागे एका जत्रेत इसरूने त्यांचा हात धरून त्यांना नेम शिकवला होता. ती आठवण ठेवून त्यांनी जाताना आपल्या बंदुकीवरची जुनी दुर्बीण त्याला देऊन टाकली. इसरूने ती दोन पितळी कड्यांनी नळीवर आवळली आणि नवं लुगडं दाखवावं तशी बायकोला दाखवली.

"कायले पाह्यजे होती हे?" शकुबाई म्हणाली. "तुमचा नेम का कमी होता?"

इसरू धोतराच्या सोग्याने दुर्बिणीची काच पुसत राहिला.

घरामागच्या खळ्यात, मातीच्या भिंतीवर त्याने पळसाचं पान टोचलं आणि पानावर चुन्याचा ठिपका दिला. पहिला छर्रा पानाच्या देठाशी लागला, दुसरा भिंतीत, तिसरा कुठे गेला ते कळलंच नाही. त्याने स्क्रू आवळले. चेपलेले छर्रे निवडून फेकले. तरी तेच. मार्कंड्याची शिवरात्रीची जत्रा जवळ आली, तसा त्याचा घास कमी झाला.

"साहेबानं बिघडलेलीच देल्ली," तो म्हणाला.

शकुबाईला दुर्बिणीतलं काही कळत नव्हतं. पण एखादी वस्तू जागची हलते की नाही, हे पाहायला काय लागतं? तिने डबीतलं काजळ बोटावर घेतलं आणि पितळी कडं जिथे संपत होतं तिथे नळीवर रेघ ओढली. "आता मारा," ती म्हणाली. इसरूने छर्ऱ्यामागून छर्रे उडवले. तिने वाकून पाहिलं, तर कडं रेघ सोडून मागे सरकलेलं.

"हे पाहा! दर झटक्याले तुमची दुर्बीण मांगं सरकून राह्यली."

इसरू हसला. किती दिवसांनी हसला! लगेच त्याने चुलीवर लाख वितळवली, नळीवर लावली आणि कडी त्यात बसवून पुन्हा आवळली. आता रेघ जागच्या जागी राहिली, पण छर्रे अजून वर उडत होते. नेम धरायला बंदूक लाकडी ओंडक्यावर टेकवली की उसळते, हे दोघांनाही दिसलं. शकुबाईने कोंड्याचं पोतं आणून ओंडक्यावर टाकलं.

"आता तूच मार," इसरू म्हणाला. "मी भितीपाशी उभा राहून छर्रा कुठी लागते ते पाहतो."

"मी? मले काय येते?"

"येते. गाल ठेव, डोया दुर्बिणीच्या सरळ मांगं. बंदुकीले आवळू नोको. लेकरू धरल्यावानी धर."

तिने धरली. तिचे सगळे छर्रे ठिपक्याच्या डावीकडे, पण एकाच जागी लागले. इसरूने दुर्बिणीवरची चकती थोडी फिरवली. पुढचा छर्रा थेट चुन्यात घुसला. ती आनंदाने ओरडली आणि बंदूक त्याच्या हातात दिली.

त्याचे छर्रे पुन्हा पानभर विखुरले.

दर वेळी तो गाल वेगळ्या जागी ठेवत होता. डोकं थोडं इकडे, थोडं तिकडे. जणू दुर्बिणीत काही शोधत होता. शकुबाईला एकदम आठवलं की हल्ली तो बोलतानाही मान वळवून तिच्याकडे डाव्या डोळ्यानेच पाहतो.

"अवो, उजव्या डोयानं दिसून नाई राह्यलं ना?"

इसरूने बंदूक पोत्यावर आपटली. "बंदूक तुह्या हाताले लागली, म्हून माहाच डोया फुटला का?" म्हणत तो बांधाकडे निघून गेला.

ती मागे गेली नाही. आपण फार पटकन बोललो, असं तिला वाटलं. दुर्बीण त्याने कशासाठी बसवली तेही आता तिला कळलं.

सकाळी ती गोठ्यातून शेणाची टोपली घेऊन आली, तेव्हा इसरू खळ्यात बंदूक डाव्या खांद्याला लावून धडपडत होता. इतक्या वर्षांचा नेमबाज, आणि घोड्यावर बोट ठेवायलाही चाचपडत होता. ती कुडाआडच थांबली. एक छर्रा कोपऱ्यातल्या मडक्याला लागला आणि पाणी गळायला लागलं. तेव्हा मात्र तिला हसू आवरेना.

"हास!" इसरू ओरडला, आणि मग तोही हसत सुटला.

मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी त्यांनी फळी उभी केली. घोळका जमला. "मालक, आधी तुमी फोडून दाखवा!" कोणीतरी म्हणालं. इसरूने बंदूक उचलली, क्षणभर हातात तोलली आणि मागे वळून शकुबाईपुढे धरली.

"आता मालकीण फोडते," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "सांगा कोन्ता?"

"कोपऱ्यातला हिरवा!"

शकुबाईने बंदूक घट्ट धरली. "आवळू नोको," इसरू कानाशी पुटपुटला. हिरवा फुगा फुटला. बायांच्या घोळक्यातून कुणीतरी जोरात टाळी वाजवली, आणि गर्दी अशी लोटली की इसरूला फुगे फुगवायला श्वास पुरेना.

पुढे चांद्याच्या दवाखान्यात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला. पुन्हा आधी तुम्हीच मारत जा, असं शकुबाई त्याला म्हणाली. त्याने एकदा खळ्यात मारून पाहिलं. बऱ्यापैकी लागलं.

"तूच मार," तो म्हणाला. "मले फुगवाचं जमते आता. अन् तू मारतानी मले पाहाले भेटते."