दार हलवून बघणारा

नाशिकहून सुरगाण्याला जाणाऱ्या आमच्या जीपचा ड्रायव्हर माणसं भरली तरी गाडी सोडत नाही. खाली उतरतो, एकेक दार लावून हलवून बघतो, मग टपावरच्या गोण्यांचा दोर ओढून बघतो. मागे लटकणाऱ्याला तर घेतच नाही. तोवर बाकीच्या जीपा घाटाला लागलेल्या असतात. मला शाळा गाठायची असते, म्हणून मी रोज चिडायचे.

एकदा त्याची बायको पुढच्या सीटवर बसली होती. तिचं दार त्यानं लावलं, हलवलं, पुढे गेला आणि परत येऊन पुन्हा हलवलं. मागून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, घरी पण असंच का?"

जीपभर हशा पिकला. ती ताठ मानेनं मागे वळली.

"असंच. लग्नाला हो म्हनायला बी यानं लय दिवस लावलं, माझा बाप वैतागला व्हता. पन एकदा हो म्हनला, तवापासनं माझ्या जिवाला घोर नाय."

पुढे घाटभर कुणी घाई केली नाही.

हल्ली स्टँडवर दुसरे जीपवाले हाका मारतात, "बाई, या, लगेच निघतोय!"

"जा तुम्ही," मी म्हणते, "आमचा अजून दारं बघतोय." आणि हे जरा मोठ्यानंच म्हणते.