सिस्टरनं सॉरी कावून म्हटलं

माझी बायको गेली त्या दुपारी दवाखान्यातली सिस्टर माझ्यापाशी आली, खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाली, "सॉरी बाबूजी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी मी पाह्यलं अन् माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, या पोरीच्या हातून काहीतरी चुकलं.

दुसरं काही मनात येणार कसं? मी चौथीच्या पुढं शाळा पाह्यली नाही. भंडाऱ्याकडची शेती भावाले सोडून भिलाईत आलो, पोलादाच्या प्लांटात लागलो, प्लांटाच्याच कॉलनीत, सेक्टरात, राहिलो, अन् इंग्रजी शिकलो ते प्लांटात, कामापुरतं. हुक, चेन, लोड, सॉरी. मी क्रेनखालचा माणूस. क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये बसते, त्याले खालचं काही ऐकू येत नाही, आवाजच तेवढा. आपण खालून हातानं इशारा द्यायचा, त्यानं तो पाहून लोखंड उचलायचं. आमच्या गँगचा एक कायदा होता. चेन सरकली, लोड हेलकावला, तर ज्याच्या इशाऱ्यानं झालं त्यानं तिथल्या तिथं हात वर करायचा अन् ओरडायचं, "सॉरी, माझा हात!" मग सगळे त्याच्याकडं पाहत. शिव्या कोणी देत नव्हतं. चहाच्या वेळेले मात्र सोडत नव्हते, "काय रे, घरवालीनं हात मुरगाळला काय?"

गँगमध्ये मल्याळी होता, तेलुगू होता, बिहारी, छत्तीसगढी, अन् मी मराठी. एकाची भाषा दुसऱ्याले अर्धी समजे. सॉरी हा शब्द तेवढा सगळ्यांचा एक. पण ज्यानं केलं नाही तो कधीच म्हणत नव्हता. म्हटला असता तर सगळे चुकीच्या माणसाकडं पाहत राहिले असते, अन् तिकडं लोड कोणाच्या तरी डोक्यावर आला असता.

तर मले सांगा, मी काय समजायचं? बायकोले श्वासाचा त्रास होता म्हणून भरती केलं होतं. सकाळी तिनं दलिया खाल्ला. मले वरून खाली पाह्यलं अन् म्हणाली, "शर्ट उलटा घालून आले. सगळ्या सेक्टरातून असेच आले काय हो?" बाजूच्या बेडवरची बाई हसली. मी संडासात जाऊन शर्ट सुलटा केला. इतकी टवाळी करणारी बाई दुपारी नाही. अन् सिस्टर म्हणते सॉरी.

घरी लोक बसायले आले. चरोद्याहून साळा आला, रेल्वेतला. तो अन् मी सतरंजीवर बसलो, दोघंही गप. बऱ्याच वेळानं तो उठला, चपला घातल्या, निघून गेला. दुखवट्याच्या घरातून निघताना आमच्यात "येतो" म्हणत नाहीत, अन् घरचेही "या" म्हणत नाहीत. बोलायचंच नसते. आला, बसला, त्यात सगळं आलं. पण सेक्टरातली नवी पोरं दारातच म्हणत, "सॉरी काकाजी." मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहो. तू काय केलं बाप्पा? तू तर इथं नव्हताच.

पोराले सांगितलं, "त्या सिस्टरच्या हातून चूक झाली आहे. ती स्वतः म्हणाली."

"बाबा, वो लोग ऐसेच बोलते हैं. तिले वाईट वाटलं, बस."

"वाईट वाटलं तर रडावं. चूक कावून कबूल केली?"

"कबूल नाही केली बाबा. सॉरी म्हणजे..."

"तू लोडाखाली उभा राह्यला काय कधी? मले नको शिकवू."

तो उठून बाहेर गेला. सूनबाईनं चहा ठेवला अन् माझ्याकडं न पाहता आत गेली. मले वाटलं, यांले सगळं माहीत आहे अन् हे माझ्यापासून लपवून राहिले. जेवण जात नव्हतं. बायकोचा फोटो समोर असला तरी मले तो दिसे नाही, सिस्टरचं तोंड दिसे.

तेरवी झाली अन् मी ऑटो करून दवाखान्यात गेलो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. सिस्टर आली तशी तिनं मले ओळखलं. "अरे बाबूजी! कोई कागज लेना है क्या?"

मी म्हटलं, "कागद नको. पोरी, सच बता. तेरे हाथ से क्या हुआ?"

तिले समजलंच नाही. मग मी उभा राहून तिले क्रेन सांगितली, इशारा सांगितला, हात वर करून ओरडायचं कसं तेही दाखवलं. येणारे जाणारे पाहत होते. मी मनाची तयारी करून गेलो होतो की ही चिडेल, नाहीतर पळेल, नाहीतर मोठ्या डॉक्टरले बोलावेल. ती माझ्या बाजूले बाकावर बसली.

"मेरे हाथ से कुछ नहीं हुआ बाबूजी. किसी के हाथ से नहीं. दादी का दिल थक गया था."

"तर सॉरी कावून म्हटलं?"

तिनं वॉर्डाच्या दाराकडं पाह्यलं. "गाँव में किसी के घर ऐसा हो, तो मेरी माँ जाके बैठती है, साथ में रोती है. मैं ड्यूटी पे कैसे बैठूँ? बाकी बेड भी हैं. तो जितना मेरे हिस्से का है, उतना बोल देती हूँ." मग हसली. "दादी बहुत डाँटती थी. बोलती थी, तू चोटी ढीली बाँधती है."

ही तर माझी बायकोच बोलली. दुसऱ्या कोणाची वेणी तिले कधी घट्ट वाटलीच नाही.

मी त्या पोरीकडं पाहत राहिलो. कोवळी पोरगी, पायात पांढरे बूट, मनगटावर पेनानं काहीतरी लिहिलेलं. हिच्या हातून झालं काहीच नाही, अन् तरी ही हात वर करते. माझ्यासाठी केला. माझ्याआधी कोणासाठी केला असेल, उद्या कोणासाठी करेल, अन् दरवेळेस डोळ्यांत पाणी खरं. प्लांटात लाल झालेलं लोखंड मी डोक्यावरून जाताना पाह्यलं, तेव्हा इशारा द्यायचा विसरून वर पाहतच राहिलो होतो. तसाच आता हिच्याकडं पाहत होतो. एवढासा शब्द, मी त्याले जन्मभर चूक दाखवायले वापरलं, अन् ही त्यानं लोकांच्या दुःखाले हात लावून राहिली. अन् ती दारात उभी राहणारी सेक्टरातली पोरं? तीही तेच करून राहिली होती. माझं मन मानायलेच तयार नव्हतं, इतकं ते मोठं वाटलं.

आतून कोणीतरी हाक मारली. सिस्टर उठली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला अन् गेली.

मी बसून राहिलो. जोपर्यंत कोणाची तरी चूक होती, तोपर्यंत माझं भांडण चालू होतं, अन् भांडण चालू होतं तोपर्यंत बायको पुरती गेली नव्हती. आता भांडायले कोणी उरलं नाही. मग मी रडलो. भर दुपारी, लोकांपुढं, नाक गळेपर्यंत.

बाकाच्या त्या टोकाले एक म्हातारी बसली होती, छत्तीसगढी, मांडीवर जेवणाचा डबा. तिनं कोण गेलं, कधी गेलं, काही विचारलं नाही. डबा खाली ठेवला, सरकत सरकत माझ्यापाशी आली अन् समोरच्या भिंतीकडं पाहत बसून राहिली.