स्वयंपाकघराची भिंत

ज्येष्ठात माझी पत्नी शालिनी गेली. श्रावणात शेजारचे निखिल आणि मृदुला तिचं बाहुलीघर मागायला आले. जुनी बाहुलीघरं मिळवून त्यांतून सणांची आरास करायची, हा त्या दोघांचा छंद. आता गणपतीचं मखर करायचं होतं. मी हो म्हटलं. शालिनीने ते घर मुलीसाठी केलं होतं. मुलगी लग्न होऊन परगावी गेली, तरी शालिनी दर दसऱ्याला त्याच्या भिंती नव्याने रंगवायची.

त्यांच्या गॅलरीतलं काम माझ्या खिडकीतून दिसतं. पुस्तक उघडून बसलो, पण करवतीच्या आवाजात ओळ पुढे सरकेना.

"मूर्ती आणायच्या आधी मखर मोजायचं असतं, इंजिनीअरसाहेब!" मृदुला म्हणाली.

"आणि 'यंदा जरा मोठी घेऊ' कोण म्हणालं?"

मूर्ती मधल्या भिंतीला अडत होती. शेवटी निखिलने हाक मारली, "काका, स्वयंपाकघर काढलं तर चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं, आणि चिडलो. कुणावर, ते ठरवता आलं नाही. त्या भिंतीवर शालिनीने काड्यापेटीची मांडणी चिकटवली होती, तिच्यात शाडूची वाटाण्याएवढी भांडी. देवाला जागा करायची तर काहीतरी काढावं लागतं, हे मलाही कळतं. पण माणूस गेल्यावर त्याच्या घरातली एकेक खोली लोक प्रेमाने मागत राहतात, आणि आपण सभ्यपणे 'चालेल' म्हणत राहतो.

संध्याकाळी मृदुला भिंत घेऊन आली. "टाकवेना हो, काका."

बाहुलीघरात आता गणपती बसला आहे. भिंत माझ्या टेबलावर आहे.