छातीचा पट्टा

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत बाबांनी गिरणी सोडली आणि व्हिक्टोरिया घोडागाडीसाठी पहिला घोडा घेतला. लगाम, तोबरा, खरारा त्यांनी दुकानात निवडून घेतला. गाडी ओढायचा छातीपट्टा मात्र घेतला नाही. "साचे फिरवणारा पट्टा असताना दुकानातला कशाला?" म्हणत त्यांनी गिरणीतला मागाचा जुना चामडी पट्टा कापून शिवला. लालबागची आमची अख्खी चाळ तो ओढून बघायला आली. "तुटायचा नाय!" सगळे म्हणाले. घोड्याला कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी त्याची छाती सोलून निघाली होती. हळद लावता लावता आई कडाडली, "अहो, साच्याला कातडी असते का?"

सुती कापड घामाने भिजलं की घासतं, म्हणून तिने आपलं माहेरहून आलेलं एकुलतं एक रेशमी लुगडं कापलं आणि पट्ट्याला आतून शिवलं. जांभळा काठ बाहेर दिसत राहिला.

जखम भरल्यावर घोडा पुन्हा गाडीला जुंपला, त्याच दिवशी मोर्चा होता. चाळीतल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून दारात जमल्या होत्या, आई विटक्या सुती लुगड्यात. एका गाडीवाल्याने विचारलं, "पट्टा झकास आहे, कुठल्या दुकानातला?"

बाबा आईकडे बघत म्हणाले, "हिच्या माहेरचा."